गरोदरपण, कळा आणि मिडवाइफ: कधी काय होतं आणि तिला काय काय सांगायचं

माझी दोन बाळंतपणं झाली आणि दोन्ही वेळा मिडवाइफ सोबत होती. पहिल्या वेळी मी प्रत्येक चेकअपला जायचे, बीपी मोजून घ्यायचे, "काही त्रास?" विचारलं की "नाही, सगळं ठीक" म्हणायचे आणि घरी. वाटायचं की तपासणं तिचं काम, मी काय सांगणार. ते किती चुकीचं होतं ते पुढे सांगतेच, पण आत्ताच एवढं लिहून ठेवते की तिच्याकडे टेप असते, मशीन असतं, पण अर्धी तपासणी तुमच्या बोलण्यावर चालते. म्हणून खाली फक्त कधी काय होतं एवढंच नाही, कधी काय बोलायचं ते पण लिहिलंय.

मिडवाइफ म्हणजे नक्की कोण

आपल्याकडे सुईण शब्द ऐकला की जुन्या काळची, हाताच्या अनुभवावर बाळंतपण करणारी बाई डोळ्यासमोर येते. आत्ताची मिडवाइफ म्हणजे त्याचं रीतसर शिक्षण घेतलेली, परवाना असलेली. गरोदरपण, नॉर्मल बाळंतपण आणि नंतरचे काही आठवडे आई आणि बाळ दोघांची काळजी, हे तिचं क्षेत्र. सीझर ती करत नाही. तिचं खरं कसब कशात आहे तर नॉर्मल कुठे संपतं ते तिला लवकर कळतं आणि मग ती वेळेत डॉक्टरांकडे पाठवते, त्यामुळे "मिडवाइफ की डॉक्टर" अशी काही लढाई नसते. जुळं असेल, आधीपासून बीपी किंवा शुगर असेल, आधी सीझर झालेलं असेल तर बहुतेक वेळा दोघांकडे मिळून चालतं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत विचारा, की कळा सुरू झाल्यावर तुम्हीच असणार का जी ड्युटीवर असेल ती? कारण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच मिडवाइफ किंवा तोच छोटा गट सोबत असला तर चिमट्याने किंवा व्हॅक्यूमने बाळ ओढून काढण्याची आणि खालून कट देण्याची वेळ कमी येते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आणि अभ्यास सोडा, ओळखीचा चेहरा असला की माणूस मोकळं बोलतं.

तारखेचा घोळ

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पहिले दोन आठवडे तुम्ही गरोदर नसताच, तरी ते हिशोबात धरलेले असतात, त्यामुळे पाळी चुकून चार दिवस झाले आणि मिडवाइफ म्हणाली "पाचवा आठवडा चालू आहे" तर दचकू नका. एकूण २८० दिवस, ४० आठवडे. शेवटच्या पाळीच्या तारखेत ९ महिने ७ दिवस मिळवा, आली ड्यू डेट. पाळी २८ दिवसांची नसेल तर हे गणित चुकतं, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून काढलेली तारीख जास्त भरवशाची. आणि ती तारीख म्हणजे काही रेल्वेचं रिझर्व्हेशन नाही, बरोबर त्या दिवशी शंभरातली चार-पाचच बाळं येतात. ३७ ते ४२ आठवड्यांत कधीही आलं तरी वेळेवरच. सगळ्या नातेवाईकांना नेमकी तारीख सांगू नका, "महिन्याच्या शेवटी" वगैरे सांगा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात "झालं का? झालं का?" अशा फोनने डोकं उठतं.

पहिले तीन महिने

बाहेरून काही दिसत नाही आणि आत सगळं चालू असतं. बाळाच्या मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, म्हणजे बऱ्याच जणींना तोवर नीट कळलेलंही नसतं. म्हणूनच फॉलिक अॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, जमलं तर दिवस जायच्या आधीपासून आणि किमान १२ आठवड्यांपर्यंत. शुगर असेल, फिट्सच्या गोळ्या चालू असतील किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डोस वेगळा लागतो, तो विचारून घ्या. आणि चालू असलेली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी विचारा.

मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास कळस गाठते आणि बहुतेकींची चौदा-सोळापर्यंत ओसरते. "मॉर्निंग सिकनेस" हे नाव कोणी ठेवलं देव जाणे, माझी तर संध्याकाळी सातला सुरू व्हायची. थोडं थोडं आणि वारंवार खाणं, पोट एकदम रिकामं न ठेवणं याने फरक पडतो. पण पाणी सुद्धा पोटात टिकत नाहीये, लघवी गडद आणि कमी होतेय, वजन उतरतंय, तर ते "होतं असं सगळ्यांना" मध्ये बसत नाही. त्यावर औषधं आहेत, कधी सलाईन लागतं, फोन करा.

अंगावरून थोडं जाणं हे पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे नीट चालू राहतं. तरी कळवायचंच. एका बाजूला ओटीपोटात तीव्र दुखतंय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, चक्कर येतेय असं असेल तर फोनवर वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल, कारण गर्भ गर्भपिशवीत न राहता बीजनळीत राहिलेला असू शकतो आणि ती नळी फुटली तर जिवावर बेतू शकतं.

आणि हेही लिहायलाच हवं. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यानंतर शंभरातल्या दहा ते वीस गर्भधारणा पडतात, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण गुणसूत्रांतली चूक. जिने चढल्यामुळे नाही, पिशवी उचलल्यामुळे नाही, भांडण झालं म्हणून नाही. ज्या बाईवर ही वेळ येते ती पुढची कित्येक वर्षं "मी त्या दिवशी काय केलं" हेच आठवत बसते. मिडवाइफला विचारा, ती तेच सांगेल.

पहिली भेट बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी आणि ती सगळ्यात लांबलचक असते. रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी, लघवी, बीपी, वजन, आणि मग प्रश्नच प्रश्न. आधी गर्भपात झालाय का, डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्यात का, घरी कोणी मारतं का. यातलं काही घरच्यांसमोर सांगता येण्यासारखं नसेल तर सरळ "मला पाच मिनिटं एकटीने बोलायचंय" म्हणा, त्यांना याची सवय असते, त्या कोणालाही बाहेर बसवतात.

मधले तीन महिने

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही कारण बहुतेकींना हाच काळ बरा जातो. भूक लागते, झोप लागते. १८ ते २२ आठवड्यांत बाळाचे अवयव बघायची मोठी सोनोग्राफी. हालचाल पहिल्यांदा साधारण १८ ते २० आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला सोळालाच कळू शकते कारण तुम्हाला माहीत असतं की हे गॅसेस नाहीत. वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला असेल तर थोडं उशिरा जाणवतं. २४ ते २८ मध्ये ग्लुकोज पिऊन शुगरची टेस्ट. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ च्या सुमारास अँटी-डी चं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत परत एक.

मिडवाइफ टेप लावून पोट मोजायला लागते तेव्हा घाबरून जाऊ नका, ती जाडी मोजत नाहीये. ओटीपोटाच्या हाडापासून गर्भपिशवीच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि गंमत अशी की २४ आठवड्यांनंतर ते सेंटिमीटरमध्ये जवळजवळ आठवड्यांइतकंच येतं, २८ आठवड्यांना २८ च्या आसपास, दोनेक इकडे तिकडे चालतं. फार फरक असला किंवा आकडा वाढतच नसला तर सोनोग्राफी करून बाळाची वाढ बघतात. मला हे दुसऱ्या वेळी कळलं, पहिल्या वेळी मी पोट आत ओढून धरायचे, काय सांगू.

शेवटचे तीन महिने, इथे नीट वाचा

भेटी आता जवळजवळ येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गरोदरपणात किमान ८ भेटी सांगितल्यात आणि त्यातल्या पाच तिसाव्या आठवड्यापासून पुढच्या आहेत: ३०, ३४, ३६, ३८, ४०. त्याला कारण आहे, बीपीचा त्रास बऱ्याचदा याच काळात डोकं वर काढतो.

दर वेळी बीपी आणि लघवी का बघतात तर प्री-एक्लॅम्पसियासाठी. २० आठवड्यांनंतर बीपी १४० बाय ९० किंवा वर, लघवीतून प्रोटीन जाणं. याची अडचण ही की सुरुवातीला बाईला काहीच वाटत नाही, एकदम छान वाटत असतं, म्हणून "बरी आहे मी, ही भेट सोडते" असं करू नका. आणि घरी असताना न जाणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा आणि हात एकदम सुजणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा, रात्र असली तरी.

आता माझी गोष्ट. पहिल्या वेळी तेहतिसाव्या आठवड्यात मला तळहात आणि तळपायांना खाज यायला लागली. पुरळ नाही, लाली नाही, फक्त खाज, आणि रात्री इतकी की मी पाय थंड फरशीवर घासत बसायचे. मला वाटलं कातडी कोरडी पडलीये. चेकअप झाला, "काही त्रास?" "नाही." पर्स उचलली, दारापर्यंत गेले आणि सहज म्हटलं की एखादं चांगलं क्रीम सांगा हो. तिने मला परत बसवलं. त्याच दिवशी रक्त घेतलं, लिव्हरच्या टेस्ट आणि बाइल अॅसिड, आणि ते वाढलेलं निघालं. गरोदरपणात लिव्हरचं पित्त नीट वाहत नाही तेव्हा हे होतं, आणि फार वाढलं तर बाळाला धोका असतो. मग डॉक्टर, वारंवार रक्त तपासणी, आणि ३८ व्या आठवड्यात कळा आणण्याचं औषध देऊन बाळंतपण. दोघं सुखरूप. पण क्रीमचं विचारलं नसतं तर? तेव्हापासून मी फोनमध्ये एक यादी करते, मागच्या भेटीपासून जे जे नवीन झालं ते सगळं, कितीही फालतू वाटलं तरी, आणि बसल्या बसल्या वाचून दाखवते. दुसऱ्या खेपेला हे परत होण्याची शक्यता बरीच असते म्हणून पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं, नशिबाने झालं नाही.

बाळाची हालचाल. "शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं" हे वाक्य तुम्हाला दहा जणी ऐकवतील आणि ते चूक आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी ढकलल्यासारखं, वळल्यासारखं वाटतं, पण शेवटपर्यंत ती चालू राहिली पाहिजे. ठराविक आकडा असा काही नाही, तुमच्या बाळाची रोजची पद्धत काय ती ओळखा आणि ती कमी वाटली तर उद्या सकाळपर्यंत थांबू नका. घरी ठोके ऐकायचं छोटं मशीन मिळतं, त्याच्यावर विसंबू नका, ठोके ऐकू आले म्हणजे बाळ बरं आहे असं होत नाही. फोन केला आणि सगळं नीट निघालं तर कोणी रागावत नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत कमी वाटलं तर परत करायचा.

झोपताना २८ आठवड्यांपासून कुशीवर झोपा, डावी उजवी कुठलीही. रात्री जाग आली आणि पाठीवर असाल तर वळा आणि झोपा, रडत बसू नका.

३६ च्या सुमारास बाळाचं डोकं खाली आहे का ते हाताने चाचपून बघतात. शंभरातली तीन-चार बाळं शेवटपर्यंत पायाळू राहतात. अशा वेळी पोटावरून हाताने बाळ फिरवायचा प्रयत्न करता येतो, ते हॉस्पिटलमध्ये आणि तज्ज्ञ हातानेच, घरी कोणाकडूनही पोट चोळून फिरवून घेऊ नका प्लीज.

कळा

खोट्या आणि खऱ्या कळांत फरक काय, तर खोट्या येतात जातात, चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की बऱ्याचदा थांबतात. खऱ्या थांबत नाहीत, हळूहळू जवळ येतात, लांबतात आणि जोर वाढतो. मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजायचं, मी एकीच्या शेवटापासून मोजत होते आणि सगळा हिशोब चुकला. पहिल्या बाळाला साधारण पाच मिनिटांवर, मिनिटभर टिकणारी, आणि हे तासभर चाललं की निघायचं असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. दुसऱ्याला त्याच्या आधीच निघा, दुसरं वाट बघत नाही.

पाणी गेलं तर पॅड लावा, वेळ बघून ठेवा, रंग बघा आणि फोन करा. पारदर्शक किंवा फिकट पिवळसर असलं तर ठीक. हिरवट, तपकिरी म्हणजे बाळाने आत शी केलीये, लगेच निघायचं. रक्त वाहत असेल तर लगेच. नाळ बाहेर आल्यासारखी लागली तर गुडघ्यांवर ओणवं व्हा, डोकं खाली, पार्श्वभाग वर, आणि अँब्युलन्स.

सुरुवातीचा टप्पा, म्हणजे पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा, किती चालेल याला काही नेम नाही, एक दिवसही जाऊ शकतो. म्हणून पहिली कळ आली की लगेच सगळ्यांना उठवून बसू नका, झोपता आलं तर झोपा, खा, गरम पाण्याने अंघोळ करा. हॉस्पिटलमधून "अजून वेळ आहे, घरी जा" म्हणून परत पाठवलं तर अपमान वाटून घेऊ नका. पाचच्या पुढे मात्र वेग येतो, पहिल्या खेपेला साधारण बारा तासांच्या आत आणि नंतरच्या खेपेला दहाच्या आत पूर्ण दहा सेंटिमीटर होतं. ताशी एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना नियम आता धरत नाहीत. आतून तपासणी साधारण चार तासांनी करतात, दर वेळी विचारून करायला हवी, आणि कळ चालू असताना "थांबा" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. बाळाचे ठोके दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकतात, जोर लावायच्या वेळी दर पाच मिनिटांनी.

या सगळ्यात मिडवाइफ बराच वेळ नुसती बसलेली दिसेल. माझ्या बहिणीला वाटलं की ही काहीच करत नाहीये. ती बघत असते. तुम्ही कळेत बोलू शकताय का, आवाज कसा बदललाय, अंग कुठे आखडताय. आडवं पडूनच राहायचं असं काही नाही, चाला, पलंगाला धरून ओणवं व्हा, गुडघ्यांवर बसा, कमरेवर जोरात दाबून घ्या. दुखणं कमी करायला मालिश, गरम पाणी, कुठे श्वासातून घ्यायचा गॅस, आणि एपिड्युरल, म्हणजे पाठीतून देतात ते खालचा भाग बधिर करणारं औषध. एपिड्युरल मागणं म्हणजे हरणं नाही, हे ज्यांना दुखत नाहीये त्यांनी ठरवायचं नसतं. तुमच्या पसंतीचं एक माणूस सोबत असू द्या, आणि त्या माणसाला आधीच सांगून ठेवा की मला काय नकोय, कारण तेव्हा तुमच्या तोंडून धड वाक्य निघणार नाही.

मग एक क्षण येतो की बाई म्हणते, मला नाही जमणार, मी घरी चालले. मी तर चप्पल शोधत होते. मिडवाइफ हसली, कारण हे ऐकलं की त्यांना कळतं आता दहाच्या जवळ आलंय.

जोर लावायचा टप्पा पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत जाऊ शकतो, नंतरच्या वेळी दोनपर्यंत. शी लागल्यासारखं वाटतं आणि खरंच थोडी होते, त्याचं कोणालाही काही वाटत नाही. डोकं बाहेर येताना ती म्हणेल आता जोर नको, धापा टाका, तेव्हा ऐका, हळू आलं तर फाटायचं प्रमाण कमी होतं. गरम पाण्याचं कापड खाली धरून ठेवतात त्यानेही फायदा होतो, हे आधी मागून ठेवा.

बाळ आलं की सगळे बाळाकडे बघतात, मिडवाइफचं अर्धं लक्ष मात्र अजून तुमच्याकडे असतं. वार पडायची असते, साधारण अर्ध्या तासात, आणि जास्त रक्त जायचा धोका याच वेळी असतो म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ५०० मिलीलीटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं तर त्याला जास्तीचा रक्तस्राव म्हणतात. ती वार ताटात उलटी सुलटी करून बघत बसते कारण तुकडा आत राहिला तर नंतर त्रास. नाळ लगेच कापत नाहीत, एक ते तीन मिनिटं थांबतात, बाळाला तेवढं रक्त जास्त मिळतं. बाळ रडतंय आणि श्वास घेतंय ना, मग वजन, अंघोळ, फोटो सगळं नंतर, आधी तुमच्या उघड्या छातीवर आणि पहिल्या तासात अंगावर पाजायचं.

नंतरचे सहा आठवडे

पहिले २४ तास देखरेखीत, मग ४८ ते ७२ तासांत एक भेट, एक ते दोन आठवड्यांत एक, आणि सहाव्या आठवड्यात एक. सुरुवातीला चीक येतो, थेंब थेंबच, तो पुरतो, बाळाचं पोट तेवढंच असतं. दूध भरून यायला दोन ते चार दिवस लागतात आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला रडू येतं, कारण काही नसतं, नुसतं रडू. बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. पाच-सहा दिवसांनंतर दिवसाला सहा तरी लघव्या होत असतील तर पोटात जातंय. पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं दिसलं तर लगेच दाखवा.

तुमचं काय? तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, ३८ च्या वर ताप, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं, डोकं ठणकणं आणि अंधुक दिसणं, यात थांबायचं नाही. बीपीचा त्रास बाळंतपणानंतरही होतो हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. रडू दोन आठवड्यांच्या पुढे चाललं, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, झोप मिळाली तरी झोप येत नाही, तर ते सांगा. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील तर भेटीची वाट बघू नका, आजच, आत्ता सांगा.

आणि सहाव्या आठवड्याच्या भेटीत बहुतेक बायका बाळाचंच बोलून परत येतात. माझ्या यादीत दुसऱ्या वेळी शेवटची ओळ होती, "शिंकलं की थोडी लघवी होते." वाचताना लाज वाटली, पण वाचली. तिने टाके बघितले, कुठले स्नायू आवळायचे ते शिकवलं, चुकीचे आवळत होते ते पण दाखवलं, आणि तीन महिन्यांत फरक नाही पडला तर फिजिओथेरपिस्टकडे जायची चिठ्ठी लिहून दिली.